या रविवारी काय खेळायचं?

मे 2024 मध्ये आमचं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं कॅम्पेन, म्हणजे अनेक रविवार चाललेली एकच गोष्ट, संपलं. 2020 च्या टाळेबंदीत ते लॅपटॉपवर सुरू झालं आणि पुढे आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधल्या डायनिंग टेबलावर आलं. शेवटच्या रविवारी ड्रॅगन मेला तेव्हा टेबलावर रिकामे कप, खाऱ्या दाण्यांची सालं आणि एक मोडकी पेन्सिल एवढंच उरलं होतं. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. आमचा डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणजे नवऱ्याचा मामेभाऊ. तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "सुटलो."

हा प्रकार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्टीतलं जग सांभाळतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय करतंय ते तोंडाने सांगतात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या जातीचा पहिला छापील खेळ. तो 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी अमेरिकेत काढला. आज या जातीचे शेकडो खेळ आहेत, पण बहुतेकांची गाडी पहिल्याच स्टेशनात थांबते. आमचीही थांबली होती.

नवा खेळ शोधायचं निमित्त तसं व्यवहारी होतं. त्या सप्टेंबरात आमच्या खेळाचं सुधारित पुस्तक येणार होतं आणि ते घ्यायचं का, असा प्रश्न निघाला. डीएम म्हणाला, "पैसे घालायचेच तर आधी दुसरं काहीतरी खेळून बघू." एका सेशनसाठी त्याची तीन-तीन तास तयारी चालायची. राक्षसांचे आकडे काढा, नकाशे काढा, आणि मग आम्ही त्या नकाशाकडे ढुंकूनही न बघता भलत्याच गावाला जाणार. आमची डॉक्टरीण (दातांची, माझी कॉलेजपासूनची मैत्रीण) म्हणाली की एक मारामारी दीड तास चालते आणि त्यात तिची पाळी चारदा येते. बँकवाल्या शेजाऱ्याला बदल अजिबात नको होता. चार वर्षं खपून त्याने आपल्या जादूगाराचं गणित जमवलं होतं. नवऱ्याचं नेहमीप्रमाणे 'मला काहीही चालेल'. या वाक्याने आजवर कुठलाही निर्णय सोपा झालेला नाही.

माझी तक्रार मला तेव्हा नीट मांडता आली नव्हती. ती मुलीने आधीच मांडून ठेवली होती. ती तेव्हा नऊ वर्षांची. एकदा शेजारी बसून चित्र काढता काढता म्हणाली, "आई, तुम्ही खेळताना हॉटेलात ऑर्डर दिल्यासारखं बोलता." खोटं नव्हतं. "मी अ‍ॅक्शनमध्ये अटॅक घेतो, बोनस अ‍ॅक्शनमध्ये हील, आणि मूव्हमेंट पंधरा फूट." क्रियापद तेवढं मराठी, बाकी सगळं मेन्यूकार्ड. आम्ही पाचही जण घरी मराठी, भांडताना मराठी, पण त्या टेबलावर बसलो की आमच्या पात्रांना मायबोलीच नसायची. राजाशी बोलायची वेळ आली की नवरा ऐतिहासिक नाटकात शिरायचा, "महाराज, आपली आज्ञा शिरसावंद्य." मग सगळे हसायचे आणि पुन्हा इंग्रजी. चार वर्षांत एकाही पात्राने दुसऱ्याला "काय रे, जेवलास का?" असं विचारलं नव्हतं.

पण यादी करायला बसलो तेव्हा मी यातलं काही बोलले नाही. विजेच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही अटी लिहिल्या. तीन तासांत काहीतरी पदरात पडलं पाहिजे. एखादा आला नाही तरी गोष्ट अडू नये. डीएमची तयारी अर्ध्या तासाच्या आत. नियमांचं पुस्तक एकानेच वाचलं तरी भागावं, कारण बाकीचे वाचणार नाहीत हे सगळ्यांनी प्रांजळपणे कबूल केलं. आणि आधी पीडीएफ, कारण छापील पुस्तक परदेशातून मागवायचं तर पुस्तकाइतकाच खर्च टपालाचा आणि वर जकात.

काही नावं पहिल्याच संध्याकाळी गळाली. पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती बँकवाल्याने लावून धरली. दर पाळीला तीन कृती, त्या हव्या तशा वापरा, आणि नियम इंटरनेटवर फुकट वाचता येतात. डीएमने पाच मिनिटं चाळून फोन परत दिला. "अरे, हे तर मला आणखी काम." ड्रेड नावाचा एक भयखेळ आहे, त्यात फासेच नाहीत. लाकडी ठोकळ्यांचा जेंगाचा मनोरा असतो, जोखमीचं काही करायचं तर एक ठोकळा ओढायचा आणि ज्याच्या हातून मनोरा कोसळेल त्याचं पात्र गेलं. कल्पना झकास. पण आमच्या टेबलाच्या एका पायाखाली 2019 पासून वर्तमानपत्राची घडी आहे. तो खेळ आमच्याकडे चहा येईपर्यंतही टिकला नसता.

पहिली चाचणी झाली ती न ठरवता. जूनमधला रविवार, पाऊस धो धो. डॉक्टरीण आणि बँकवाला दोघेही अडकले. उरलो तिघे. डीएमने फोनवर लेझर्स अँड फीलिंग्ज काढला. जॉन हार्पर या अमेरिकन डिझायनरचा हा खेळ अख्खा एका पानावर मावतो. तुम्ही अंतराळयानावरचे कर्मचारी. तुमच्या पात्राला एकच आकडा, दोन ते पाचमधला. बुद्धीचं, यंत्राचं काम असेल तर फाशावर त्या आकड्याहून कमी पडायला हवं. भावनेचं, बोलण्याचं असेल तर जास्त. नेमका तोच आकडा पडला तर काम होतंच, शिवाय एक प्रश्न विचारता येतो आणि त्याचं खरं उत्तर मिळतं. फासे साधे, सहा बाजूंचे. मुलीच्या लुडोच्या डब्यातून काढले. दीड तास नुसते हसत होतो. फक्त पुढच्या रविवारी त्यातलं काही आठवेना. भेळ खाल्ल्यासारखं. मजा येते, जेवण होत नाही.

पण त्या संध्याकाळी एक धडा मिळाला. फासे कमी, तितकं बोलणं जास्त.

पुढची पाळी कॉल ऑफ कथुलूची. हाही जुना, 1981 पासूनचा. केऑसियम कंपनीने काढलेला, सँडी पीटरसनने लिहिलेला. साधारण 1920 च्या दशकातली अमेरिका, साधी माणसं, आणि त्यांच्या समजुतीपलीकडचं काहीतरी भयंकर. तुमची कौशल्यं सरळ टक्केवारीत लिहिलेली असतात. ग्रंथालयात शोधाशोध 60 टक्के, तर शंभराच्या फाशांवर 60 किंवा कमी पडलं की जमलं. हे बँकवाल्यालासुद्धा पटलं. शाळेच्या मार्कांसारखं आहे, म्हणाला. सुरुवातीचे नियम कंपनी फुकट देते आणि त्याबरोबर बॉस्टनमधल्या एका झपाटलेल्या घराची गोष्टही मिळते. तीच खेळलो. त्या घराविषयी काही सांगत नाही, कोणाला खेळायची असेल.

आम्ही अडकलो ते घरात शिरण्याआधीच. जुन्या वर्तमानपत्रांत त्या घराचा इतिहास शोधायचा होता. डॉक्टरणीने फासे टाकले, 83. नवऱ्याने टाकले, 91. एकदा हुकलं तर धोका पत्करून पुन्हा टाकता येतात, तसे टाकले, 77. तीन शिकलेली माणसं ग्रंथालयात दुपारभर बसली आणि त्यांना हवा तो पेपर सापडेना. शेवटी डीएमने ग्रंथपालाच्या तोंडून सगळं सांगून टाकलं. आपल्याकडे सरकारी कार्यालयात फाईल सापडत नाही आणि शेवटी शिपाईच सांगतो "ती ना, साहेबांच्या कपाटात आहे", अगदी तसं. अनुभवी माणसं म्हणतील की महत्त्वाचा धागा फाशांवर सोडायचाच नसतो, तो देऊन टाकायचा. बरोबर आहे. डीएमलाही ते घरी जाताना सुचलं. पण रात्री साडेदहाला तळघराच्या जिन्यावर आमच्या पात्रांचं अवसान गळालं तेव्हा मी खरंच पाय वर घेऊन बसले होते, हेही खरं. खेळ चांगला होता. आमच्या तोंडी बॉस्टन बसेना. "मिस्टर, एक्स्क्यूज मी" पासून सुरुवात करावी लागत होती.

जुलैमध्ये ब्लेड्स इन द डार्क. हाही जॉन हार्परचाच, 2017 चा. सूर्य विझलेलं एक काळोखं शहर, त्यात तुमची चोरांची टोळी. डीएम या पुस्तकाच्या प्रेमातच पडला. झेरॉक्सवाल्याकडून शीट छापून आणले, पुस्तकही पूर्ण वाचलं. यात चोरीचा बेत आधी आखायचा नसतो. कुठून शिरणार तेवढं ठरवायचं आणि थेट मध्यात उडी. अडचण आली की 'हे मी कालच करून ठेवलं होतं' म्हणत भूतकाळातला प्रसंग दाखवायचा आणि त्याची किंमत म्हणून थोडा मानसिक ताण अंगावर घ्यायचा. पिशवीत काय आणलंय तेही आधी लिहायचं नाही, लागेल तेव्हा सांगायचं.

हे सगळं डीएमने आम्हाला समजावून सांगितलं. त्यावर बँकवाल्याने मान डोलावली आणि पुढची चाळीस मिनिटं चोरीचा बेत आखला. पहारेकरी किती, पाळ्या कधी बदलतात, दुसरी किल्ली कोणाकडे. "अरे, गरज नाही याची," डीएम म्हणाला. "असू दे रे, माहीत असलेलं बरं," बँकवाला म्हणाला. माणूस पंधरा वर्षं कर्जाच्या फायली तपासतोय, तारण न बघता तो कुठे उडी मारणार? त्यात प्रत्येक फाशाआधी परिस्थिती किती बिकट आणि परिणाम किती होणार हे ठरवायचं असतं. तिथे डॉक्टरीण आणि तो दोघेही वकील झाले. हा खेळ मी मनातून बाद केलेला नाही. निव्वळ रचना म्हणून मी पाहिलेल्यांत हा सगळ्यांत हुशार आहे. पण त्याला भूक असलेली माणसं लागतात, आणि आम्ही रविवारी संध्याकाळी पाचला दमलेली माणसं असतो.

मग आला तो रविवार, ज्यासाठी मी हे लिहायला बसले.

डॉक्टरणीला दवाखान्यात जावं लागलं, म्हणून आम्ही चौघे. डीएमने द क्वाएट इयर काढला. अ‍ॅव्हरी आल्डर यांचा, 2013 चा. यात डीएम नसतो आणि कोणाचं पात्रही नसतं. एका मोठ्या संकटातून वाचलेली एक वस्ती असते आणि तिच्या हातात शांततेचं एक वर्ष. मध्ये एक कोरा कागद. त्यावर सगळ्यांनी मिळून वस्तीचा नकाशा काढत जायचा. पत्त्यांचा साधा कॅट लागतो. एक पान म्हणजे एक आठवडा. बदाम वसंत, चौकट उन्हाळा, किलवर शरद, इस्पिक हिवाळा. ज्याची पाळी त्याने पान ओढायचं, त्या पानासमोर लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, आणि मग एकच काम करायचं. काहीतरी नवं शोधा, एखादं बांधकाम सुरू करा, नाहीतर चर्चा घडवा. मेख अशी की ज्याची पाळी तोच ठरवतो. बाकीच्यांनी गप्प बसायचं. चर्चा घडवली तरी प्रत्येकाने एकदाच, एक-दोन वाक्यं बोलायची, आणि चर्चेतून निर्णय असा काही निघत नाही. संपली की संपली. कोणी तुम्हाला न विचारता काही केलं आणि ते मनाला लागलं, तर मधल्या ढिगातून नाराजीचा एक तुकडा उचलून स्वतःसमोर ठेवायचा. बोलायचं नाही. नुसता ठेवायचा.

आमच्याकडे तुकडे म्हणून चिंचोके होते. नकाशाला मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टचा चार्ट पेपर, तिची रीतसर परवानगी घेऊन. वसंत बरा गेला. उन्हाळ्यात नवऱ्याने नदीवर बंधारा बांधायला काढला. तो बंधारा बरोबर माझ्या मसणवट्यावरून जात होता. मी पहिल्याच आठवड्यात त्या वस्तीची मेलेली माणसं तिथे पुरली होती, त्यांची नावंही मनात ठरवली होती. मी एक चिंचोका उचलला. त्याने बघितलं आणि पुढच्या पाळीला बंधाऱ्याला जोडून पवनचक्की सुरू केली. दुसरा चिंचोका. बँकवाल्याने धान्याचं कोठार बांधून त्याला कुलूप लावलं आणि किल्ली कोणाकडे ते सांगितलं नाही. तिसरा. खेळता खेळता माझ्या लक्षात आलं की आपल्याला खराखुरा राग आलाय, आणि तो बंधाऱ्याचा राहिलेला नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याचं काम असंच झालं होतं. मी माहेरी गेले असताना, मला न विचारता, 'तुला सरप्राइज' म्हणून.

आणि नेमक्या त्या शांततेत सासूबाई चहा घेऊन आल्या. आमच्या खेळाकडे त्यांनी चार वर्षांत ढुंकूनही पाहिलं नव्हतं. 'मुलांचं चाललंय काहीतरी.' ट्रे ठेवायला जागा शोधताना त्यांची नजर नकाशावर गेली. चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाकून बघितलं.

"हे गाव आहे ना? मग विहीर कुठाय?"

कोणी बोलेना. नदी होती, बंधारा होता, पवनचक्की, कोठार, मसणवटा, डोंगरात एक चमकणारी गुहासुद्धा होती. सत्तावीस आठवडे झाले होते.

"नदी आहे की आई," नवरा म्हणाला.

"नदीचं पाणी कोण पितं? आणि घरं तिथे वर काढलीयत. बायकांनी रोज एवढं चढायचं?" त्यांनी कपाचा कान धरून बोटाने नदीपासून घरांपर्यंतची वाट दाखवली. मग माझ्यासमोरच्या चिंचोक्यांकडे पाहिलं. "हे काय? आमटीत घालणार?"

मी नियम सांगितला. ऐकून त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि ढिगातून सरळ एक चिंचोका उचलून स्वतःसमोर ठेवला. चार जणांचा खेळ, चारही जागा भरलेल्या, तरीही कोणी हरकत घेतली नाही. इस्पिकचा राजा निघाला की खेळ तिथेच संपतो. आमचा हिवाळ्याच्या तिसऱ्याच पानाला निघाला. विहीर अर्धी खणून झाली होती.

रात्री भांडी विसळताना डीएम माझ्याजवळ आला. सासूबाई त्याच्या आत्या. दोघांचं मूळ गाव एकच, गुहागर. "वहिनी, तुझ्या लक्षात आलं का? आजच्या दिवसात कोणी इंग्रजीत बोललंच नाही." माझ्या ते तोवर लक्षात आलं नव्हतं. मसणवटा हा शब्द मी किती वर्षांनी उच्चारला होता कोण जाणे. आणि मग मी त्याला मुलीचं ते हॉटेलातलं वाक्य सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "मग आपण नियम कशाला निवडत बसलोय?"

द क्वाएट इयर कायमचा घेता येणार नव्हता. तो चौघांपुरता, आणि एकदा राजा आला की ती वस्ती संपली. वर माझं लग्न दर पंधरवड्याला त्याच्यावर टांगायची माझी तयारी नव्हती. पण आता शोध सोपा झाला. कुठल्या खेळातली माणसं आपल्याला आपल्या भाषेत बोलती करता येतील, एवढंच बघायचं होतं. दोन आठवड्यांनी डीएम जे घेऊन आला ते ऐकून आधी बँकवाल्याने कपाळाला हात लावला. ब्रिंडलवुड बे. लेखक जेसन कॉर्डोव्हा. अमेरिकेतलं समुद्राकाठचं एक काल्पनिक गाव, तिथलं म्हाताऱ्या बायकांचं रहस्यकथा वाचणारं मंडळ, आणि गावात एकामागून एक पडणारे खून, ज्यांचा छडा या आज्या लावतात.

"म्हणजे मी आजी व्हायचं?" बँकवाला.

"सगळ्यांनी व्हायचं."

फासे फक्त दोन, सहा बाजूंचे. बेरीज दहा किंवा वर आली तर उत्तम, सात ते नऊ म्हणजे जमलं पण काहीतरी अंगाशी आलं, सहा किंवा खाली म्हणजे डीएमची चंगळ. पण या खेळाची गंमत फाशांत नाही. खून कोणी केला हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. डीएमकडे संशयितांची यादी असते, जागा असतात आणि सुट्या सुट्या खुणांची एक यादी. तुम्ही शोधाशोध केली की त्यातली एखादी खूण तो जिथे शोभेल तिथे ठेवतो. पुरेशा जमल्या की आज्या एकत्र बसून चर्चा करतात आणि त्या खुणांतून एक सिद्धान्त रचतात. मग दोन फासे. त्यांच्या बेरजेत हातात असलेल्या खुणांची संख्या मिळवायची आणि त्या रहस्याला ठरवलेला अवघडपणाचा आकडा वजा करायचा. दहा आले तर तुमचा सिद्धान्त खरा. म्हणजे तो त्या क्षणी खरा होतो.

गाव आम्ही उचलून कोकणात आणलं. गुहागर नको, गुहागरसारखं. सुरूचं बन, लांबलचक वाळू, एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना. वाचकमंडळाचं झालं भजनी मंडळ. ही सूचना सासूबाईंची. त्यांना सहावी खुर्ची दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "पुस्तक वाचायला कोण कोणाच्या घरात घेतं? भजनाला माजघरापर्यंत जाता येतं." त्यांचं पात्र निवृत्त शिक्षिका, नाव त्यांनी ठेवलं दुर्गाबाई. बँकवाल्याचं पात्र आंबेविक्री करून तीन मुलांना शिकवलेली विधवा. पाच मिनिटांत त्याचा आवाज बदलला. बारीक नाही केला त्याने, हळू केला. नंतर कळलं, ती त्याची आजी होती.

खून झालेला माणूस आंब्याचा व्यापारी, विहिरीत सापडला. खुणांची यादी डीएमने शनिवारी रात्री वीस मिनिटांत केली होती. रहाटाची दोरी कोरी करकरीत. देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा. पानाच्या डब्यात दोन अडकित्ते. पेटी उघडून आंबा हुंगण्यासाठी फासे टाकायला सासूबाई तयारच नव्हत्या. "यात फासे कशाला? वासाने कळतं." डीएमने खूण देऊन टाकली. कथुलूपासून एवढं शिकला होता.

मग रात्र झाली. या खेळात रात्री जोखमीचं काही करायचं असेल तर फासे टाकण्याआधी तुम्ही स्वतः सांगायचं की तुम्हाला काय होण्याची भीती वाटते. आणि मग डीएम सांगतो, त्याहून वाईट काय होऊ शकतं. ते ऐकून मागे फिरता येतं. दुर्गाबाई एकट्या विहिरीवर निघाल्या होत्या.

"आत्या, कशाची भीती वाटतेय?"

त्यांनी विचार केला. "कंदील विझेल."

डीएम थोडा वेळ थांबला. बाहेर कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. "कंदील विझणार नाही," तो म्हणाला. "कंदील जळत राहील, आणि तिकडे जो उभा आहे त्याला तू दिसशील."

डॉक्टरणीने हातातला दाणा तसाच धरून ठेवला होता. सासूबाईंनी पदर खांद्यावर ओढला, खराखुरा, आणि फासे मुठीत घेतले. "जाते मी. झांजा आहेत माझ्या पिशवीत."

पाच आणि तीन. त्यात दुर्गाबाईंच्या धीराचा एक. नऊ. जमलं, आणि अंगाशी आलं.

त्या रविवारी साडेनऊला पाच आज्या भजन संपवून पडवीत बसल्या आणि खुणा मांडायला लागल्या. पुतण्याने कर्ज काढलं होतं. नाही, बायकोने दोरी बदलली. अगं, पण मग पेटीचं काय? एकमेकींचं वाक्य तोडत, हातवारे करत, अर्धा तास. शेवटी सासूबाई वैतागून डीएमकडे वळल्या.

"हे बघ, तू सांग. कोणी मारलं? तुला माहीत असेलच."

"नाही ना, आत्या. मलाही माहीत नाही."

"मग तू इथे काय करतोयस?"

सिद्धान्त बँकवाल्याने मांडला. मुनीम. पेट्यांची फसवाफसवी व्यापाऱ्याच्या लक्षात आली आणि मुनिमाने त्याला दोरी दाखवायच्या निमित्ताने विहिरीवर नेलं. सात खुणा, अवघडपणा सहा, म्हणजे वर एक मिळवायचा. फासे कोणी टाकायचे यावर बराच आग्रह झाला, शेवटी मुलीला उठवून आणलं. तीन आणि चार. आठ. खरं, पण सहजासहजी नाही. मुनीम त्या वेळी पडवीच्या पायरीवर उभा राहून सगळं ऐकत होता. पुढचं पळापळीचं सांगत नाही, त्यात झांजांचा उपयोग झाला एवढंच.

डंजन्स अँड ड्रॅगन्सचं ते सुधारित पुस्तक आम्ही घेतलं नाही. बँकवाल्याने स्वतःपुरतं घेतलं, त्याच्या जादूगारासाठी.

सगळे निघाले, दारात चपलांचा घोळ चालला होता. सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

"मुनिमाचं ठीक आहे. पण तो पान खात नव्हता. तू म्हणालास सुरुवातीला, त्याचे दात पांढरे. मग डब्यात दुसरा अडकित्ता कोणाचा?"

डीएमने एका पायात चप्पल तशीच ठेवून खिशातून पेन काढलं आणि तळहातावर लिहून घेतलं.